एका बंदरात एकच गोष्ट

१

निन्फाने पेटीचं झाकण उघडलं आणि ते हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "सरदार नाही."

देल्फिनाबाई चष्मा चढवून पुढे झाल्या. पेटी खरंच रिकामी होती. आतल्या लाल अस्तरावर इतक्या वर्षांच्या वजनाने पडलेला एक खोलगट आकार तेवढा उरला होता. डोकं, खांदे, आणि तलवारीची लांबट रेघ.

सरदार म्हणजे लाकडाचा बाहुला. दोन वर्षांच्या मुलाएवढा उंच, अंगात पितळी चिलखत, डोक्यात उभी लोखंडी सळई. ती सळई धरून त्याला चालवायचं, लढवायचं. निन्फाचे वडील कालोजेरो यांनी तो याच पालेर्मो शहरात घडवला होता, आणि त्यांचा धाकटा भाऊ गास्पारे याने त्याचा शत्रू घडवला होता. दोघं भाऊ रोज रात्री गल्लीतल्या छोट्या नाटकघरात ते दोन सरदार एकमेकांवर घालायचे. पुढे प्रेक्षक आटले. कालोजेरो आपला सरदार घेऊन उत्तरेला तोरिनोला मोटारींच्या कारखान्यात गेले. गास्पारे मागे राहिला. दोन्ही सरदार पन्नास वर्षांत एकमेकांना भेटले नव्हते.

कालोजेरो गेल्या वसंतात वारले. गास्पारेकाका आता नव्वदीचे होते. 'एकदाच दोघांना लढवू दे, मग मी नाटकघराचा दिवा मालवतो,' असं त्यांनी पुतणीला कळवलं होतं. आज दुपारी तीन वाजता ते दार उघडून बसणार होते. आता एक वाजला होता. सहा वाजता जहाज सुटणार होतं.

"काकांना मी काय सांगू, बाई? हरवला म्हणून सांगू?"

"अजून काहीच सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "खाली बस. रडायचं असेल तर खुशाल रड, पण कशाला हात लावू नकोस."

बाईंनी चाळीस वर्षं तोरिनोच्या प्राथमिक शाळेत काढली होती. हरवलेले रंगखडू, डबे, मोजे, एकदा तर वर्गातलं कासव, सगळं त्यांनी शोधून दिलं होतं. त्यांनी खोलीभर सावकाश नजर फिरवली. पलंगांवरच्या चादरी विस्कटलेल्याच होत्या, म्हणजे साफसफाईचा माणूस अजून आला नव्हता. न्हाणीघरात मात्र एक मोठा टॉवेल कमी होता.

मग उंच आरशासमोरच्या गालिच्यात त्यांना काहीतरी टोचलं. वाकायला त्यांना वेळ लागला, पण वाकल्या. नखाएवढी लाकडाची ढलपी होती. एका बाजूला जुना काळपट रंग, दुसऱ्या बाजूला पांढरंशुभ्र, ताजं लाकूड.

बाईंनी ती रुमालात बांधली. निन्फाला दाखवली नाही.

२

बाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या एका जुन्या वर्गातल्या चौघांनी ही सफर भेट दिली होती. पाचही जणांची ही पहिलीच जहाजवारी. एका खोलीत बाई, निन्फा आणि ओत्ताविया; शेजारच्या खोलीत फियोरेंझो आणि ओरेस्ते. मधलं दार दिवसभर उघडंच असे, कारण बाईंना मुलांचा आवाज कानावर असलेला आवडे. मुलं आता साठीला टेकली होती, ही गोष्ट वेगळी.

फियोरेंझो तोरिनोत ट्रामची वेळापत्रकं बसवायचा. बंदरांची सगळी आखणी त्याची, आणि बाईंना तिचं फार कौतुक होतं. इतर प्रवासी एका दिवसात अख्खं रोम पाहायला धावले आणि घोटे सुजवून परतले. फियोरेंझोचा नियम होता, 'एका बंदरात एकच गोष्ट'. रोमच्या बंदरावर उतरून त्याने सगळ्यांना आगगाडीने नेलं, ते फक्त एका देवळाच्या घुमटाखाली. घुमटाला मधोमध भोक आहे, त्यातून उन्हाचा गोल खाली उतरतो आणि भिंतीवरून सरकतो. तो सरकताना पाहायचा, एवढंच. नेपल्सला फक्त एका मठाचं अंगण, जिथले खांब आणि बाकं रंगीत फरश्यांनी मढवली आहेत. तिथे बसून संत्री सोलायची. "बाई, पाच ठिकाणं पाहिली की पाचही विसरतात," तो म्हणायचा. बाईंना वाटे, हे आपणच कधीतरी गणिताच्या तासाला सांगितलेलं असणार.

पालेर्मोत मात्र एकच गोष्ट होती दुपारची, म्हणून सकाळ प्रत्येकाला मोकळी दिली होती. एक वाजता जहाजावर जमायचं, सरदाराला घ्यायचं आणि काकांकडे जायचं.

फियोरेंझो सगळ्यात आधी निघून गेला होता. त्या वेळी निन्फा कपाटासमोर उभी राहून पेटीवरून हात फिरवत होती. आणि आत्ता तो सगळ्यांच्या शेवटी, धापा टाकत आला.

"चोरी? आपल्याकडे?" त्याने घड्याळाकडे पाहिलं. "बाई, पंचवीस मिनिटांत निघालो नाही तर सगळं कोलमडेल."

"कोलमडलंच आहे, फियोरेंझो. तू सकाळी कुठे होतास?"

"मोनरेआलेला! डोंगरावरचं ते देऊळ, आतून सगळं सोनेरी काचांचं. काय सांगू बाई! मान वर केली ती खाली येईना. अख्खी दुपार द्यायला हवी होती त्याला."

"पण दुपार काकांना दिलीस."

"दिली," तो जरा घुश्श्यात म्हणाला. "कुरकुर केली होती मी, मान्य आहे. पण एकदा आखलं की आखलं. येताना पावाच्या त्या जुन्या भट्टीवरही जायचं होतं, तर तिचा दरवाजाच बंद! असल्या गोष्टींचा मला संताप येतो."

खांद्यावरची त्याची पिशवी एवढीशी होती. त्यात दुर्बीण आणि पाण्याची बाटली सोडून काही मावलं नसतं.

३

ओत्ताविया डेकवर वाऱ्यात उभी राहून एक तळलेला गोळा खात होती. तिचा जुन्या वस्तूंचा व्यवसाय होता, आणि जेनोव्हाहून निघताना पेटी पाहून तीच म्हणाली होती, की या बाहुल्यासाठी संग्रहालयं एकमेकांच्या झिंज्या उपटतील.

"आता माझ्यावर संशय घेणार ना बाई? घ्या. मीही माझ्यावरच घेतला असता."

"तोंडातला घास संपव आधी."

तिने घास संपवला. "तुम्ही दोघी गेलात तेव्हा मी खाली न्याहारी करत होते. खोलीत परत आलेच नाही. थेट शहरात. भाताच्या गोळ्यांसाठी एका दुकानापुढे उभी राहिले, तर अर्धं पालेर्मो माझ्या पुढे! नवरे-बायका, पोलीस, नन, सगळे. म्हटलं, या शहरात आज कुणाच्या घरी चूल पेटली नाही की काय? घ्या ना बाई, एक उरलाय."

"निन्फाला दे. बरं, मला सांग, तू चोर असतीस तर?"

ओत्ताविया मनापासून हसली. "मी चोर असते तर पेटी कशाला सोडली असती? पेटीवर कालोजेरोकाकांनी स्वतःच्या हाताने दोघा भावांची चित्रं काढलीत. त्या पेटीशिवाय तो बाहुला कुठला, कुणाचा, हे सिद्धच होत नाही. ज्याने पेटी ठेवली त्याला त्यातलं काही कळत नाही."

"किंवा विकायचाच नव्हता," बाई हळूच म्हणाल्या.

खाली परतताना बाई विचार करत होत्या. पेटी मागे ठेवली, कारण ती दारातून नेताना कुणीही ओळखली असती. टॉवेल नेला, कारण बाहुल्याला धक्का लागू नये. धक्का लागू नये म्हणून जपणारा चोर! आणि ती ढलपी दाराशी नाही, पेटीपाशी नाही, आरशासमोर पडली होती.

आरशासमोर बाहुल्याला कोण नेतं?

४

ओरेस्ते आपल्या पलंगावर बसला होता. धिप्पाड माणूस, तोरिनोजवळच्या गावातला बेकर. हात असे की दोन मणांची कणीक सहज तिंबावी. निन्फा पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा तिची दक्षिणी बोली ऐकून मुलं फिदीफिदी हसली होती. मग एके दिवशी बाईंनी तिच्या वडिलांना सरदार घेऊन वर्गात बोलावलं. कालोजेरोंनी टेबलावर अशी काही लढाई केली, की सगळ्यांत मोठ्याने आरोळ्या ठोकणारा मुलगा बाकावर चढून खाली पडला. तो ओरेस्ते.

"तुझी सकाळ कशी गेली रे?"

"उत्तम, बाई! बाजारात गेलो. फियोरेंझोने सांगितलं होतं तेच खाल्लं. हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले काप, पावात घालून." तो बोलता बोलता खुलला. "पाव कसला म्हणता! वरून तीळ, अगदी दाट. कवच पातळ, दाबलं की कुरकुरतं. आत रव्याचा पिवळसर गर. भट्टीतून नुकताच काढलेला, हाताला चटका बसत होता. पीठ रात्रभर फुगवलेलं असणार, वासावरून कळतं. तो बेकर म्हणाला, उत्तरेकडच्यांना असा जमत नाही. मी म्हटलं, ये एकदा आमच्याकडे!"

"वा," बाई म्हणाल्या. "आणि सकाळी टोपी विसरलास म्हणून धक्क्यावरून परत वर आला होतास ना?"

"हो. टोपी."

टोपी त्याच्या गुडघ्यावर होती. दोन्ही हातांनी तो ती पिळत होता.

बाई उठल्या. मधल्या दारातून त्या निन्फाजवळ आल्या. निन्फाने डोळे पुसले होते, पण ओत्तावियाने दिलेला गोळा तसाच हातात होता.

"बाई, बाबा असते तर आज त्यांनी मला उकडलेले गहू खायला लावले असते," ती म्हणाली. "सकाळी आपण वाटीत खाल्ले ना, मध घातलेले, तसेच. आमच्याकडे वर्षातून याच दिवशी व्हायचे."

बाई बसता बसता थांबल्या. सकाळी निन्फाबरोबर शहरातलं मोठं देऊळ पाहायला गेल्या होत्या, तेव्हा बाहेर त्यांनी एका बाईकडून हरभऱ्याचे काप घेतले होते आणि सोबत पावाचा तुकडा मागितला होता. ती बाई कमरेवर हात ठेवून खदखदून हसली होती. "आज, आजी? आज?" एवढंच म्हणून तिने नुसते काप कागदात गुंडाळून दिले होते.

"निन्फा," बाईंनी विचारलं, "तुझे बाबा आजच्या दिवशी काय खायचे नाहीत?"

निन्फाने सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. वर्गात कुणाची चूक सापडली की त्यांना कधी आनंद होत नसे. तसंच आताही झालं.

"सगळ्यांना इकडे बोलाव," त्या म्हणाल्या.

५

चौघंही पलंगांच्या कडांवर बसले, पूर्वी बाकांवर बसायचे तसे. बाई खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बाहेर बंदर उन्हात चमकत होतं, आणि मागे शहराला कवेत घेऊन डोंगर उभा होता.

हे पाठमोरं उभं राहणं चौघांनाही ठाऊक होतं. वर्गात काही हरवलं की बाई फळ्याकडे तोंड करायच्या, आणि वळून पाहीपर्यंत वस्तू टेबलावर आलेली असायची. कुणी आणली हे बाईंनी कधी विचारलं नाही.

"आज वस्तू टेबलावर येणार नाही, कारण ती जहाजावर नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून मी आधी थोडं बोलते. सरदाराला नेणारा चोर नाही. चोराने पेटी नेली असती, हे ओत्तावियानेच सांगितलं. शिवाय चोर काही बाहुल्याला टॉवेलात बाळासारखं गुंडाळत नाही. मला आरशासमोर एक ढलपी मिळाली, जुन्या रंगाची, ताजी मोडलेली. म्हणजे सरदार नाहीसा होण्याआधी मोडला होता. आणि आरशासमोर मोडला, म्हणजे कुणीतरी त्याला लढवत होतं. काल नेपल्स सोडताना आपण बाकीचे वर डेकवर ज्वालामुखी पाहत होतो, तेव्हा असेल. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. फार वर्षांपासून त्याला ती सळई एकदा हातात धरून पाहायची होती."

बाईंनी रुमाल सोडून ती ढलपी खिडकीच्या कडेवर ठेवली.

"मग तो घाबरला. आज सकाळी गुपचूप दुरुस्त करून आणू, कुणाला कळणार नाही, असं त्याने ठरवलं. तेव्हा तो बाजारात गेला नाही. पण गेलो होतो असं सांगावं लागलं. आता माणूस खोटं बोलतो तेव्हा आपल्या सगळ्यात आवडत्या गोष्टीचा आधार घेतो. तीच त्याला न बघता रंगवता येते."

फियोरेंझोच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, मला कळत नाही."

"आज तारीख काय?"

"तेरा डिसेंबर."

"संत लुचियाचा दिवस. एकदा या शहरात मोठा दुष्काळ पडला होता म्हणतात. माणसं उपाशी मरत होती, आणि या संतिणीच्या दिवशी बंदरात गव्हाने भरलेलं जहाज आलं. दळायलाही कुणाला धीर नव्हता. गहू तसेच उकडून खाल्ले. तेव्हापासून आजच्या दिवशी पालेर्मोत गव्हाच्या पिठाचा पाव कुणी खात नाही. भाताचे गोळे खातात, म्हणून ती रांग. उकडलेले गहू खातात. हरभऱ्याचे काप खातात, पण नुसते. आणि फियोरेंझो, पावाच्या भट्ट्या बंद असतात."

फियोरेंझोने कपाळावर हात मारला. "जहाजाची वेळ पाहिली, देवळाची पाहिली, सूर्यास्ताची पाहिली. संत नाही पाहिला!"

"आता मी गप्प बसते," बाई म्हणाल्या, आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या.

पलंग करकरला.

"बाई," ओरेस्ते म्हणाला, "मी."

निन्फा ताडकन उठली. "तू? अरे गाढवा, मी तासभर रडतेय आणि तू भिंतीपलीकडे बसून ऐकतोयस?"

"ऐकत होतो." तो उठून तिच्यासमोर आला. "उजवं मनगट तुटलं, निन्फा. आधी वाटलं, तुला कळायच्या आत आणून ठेवीन. शहरातल्या मोठ्या देवळामागच्या गल्लीत बाहुल्यांचा एक कारागीर सापडला. त्याने बाहुला उलटसुलट पाहिला आणि आत ठेवून घेतला. म्हणाला, हा तुझा नाही, ज्याचा आहे त्यालाच देईन. मला शहरात दुसरं कुणी माहीत नाही. तुला कसं सांगू तेच कळेना. जितका वेळ गेला तितकं आणखी कळेना."

"तो परत नाही देणार?" निन्फाने त्याची बाही धरली.

फियोरेंझो मात्र उभा राहिला होता. "बडबड नंतर. धक्क्यापासून ते मोठं देऊळ चालत वीस मिनिटं. बाईंना टॅक्सी. उठा!"

६

कारागिराच्या दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. आत पितळेचा आणि सरसाचा वास होता, आणि भिंतीवर डोकी नसलेली चिलखतं टांगलेली. कारागिराने ओरेस्तेला पाहून भुवई वर केली आणि बाजूला सरकला.

मागच्या खोलीत खिडकीशी एक वाळका म्हातारा बसला होता. मांडीवर सरदार. म्हातारा सुरीने एक खुंटी तासत होता, तोंडाने फुंकून भुसा उडवत होता. मनगट जवळजवळ बसलं होतं.

"काका?" निन्फा म्हणाली.

गास्पारेकाकांनी वर पाहिलं. सुरी खाली ठेवली. "नाक तर त्याचंच आहे," ते म्हणाले. "ये. ही कालोजेरोची सांधणी आहे. खुंटी तिरकी बसवायचा, बाप ओरडायचा तरी तिरकीच. या शहरात हे ओळखणारे दोघं उरलो, मी आणि हा कारागीर. याने मला बोलावणं धाडलं. म्हटलं, पुतणीच्या आधी सरदार कसा आला?"

"मी मोडला," ओरेस्ते म्हणाला. त्याने टोपी काढली.

"कसा?"

"लढवताना. आरशात."

काकांनी त्याचे हात पाहिले. "सळई वरून धरलीस ना? सगळे धरतात. मनगट ढिलं ठेवायचं, जोर कोपरात." मग ते निन्फाकडे वळले. "पोरी, तुझ्या बापाच्या बाजूने लढायला मला माणूस हवा. आठ किलोचा गडी आहे हा. तुझ्याने फार वेळ पेलवणार नाही, आणि याचे हात बघ."

निन्फाने ओरेस्तेकडे पाहिलं. अजून तिचा राग पुरता गेला नव्हता. "पुन्हा तोडलास तर समुद्रात ढकलीन," ती म्हणाली आणि सरदार त्याच्या हातात दिला.

नाटकघर शेजारच्याच गल्लीत होतं. सहा बाकं, एक पडदा. काकांचा सरदार आधीच खुंटीवर वाट पाहत होता. मग पितळेवर पितळ आदळलं, लाकडी पाय फळ्यांवर धडधडले, आणि नव्वद वर्षांचा माणूस पडद्यामागून असा गरजला की बाईंच्या अंगावर काटा आला. ओरेस्ते चुकत होता आणि काका लढता लढता त्याला ओरडून शिकवत होते, "कोपर! कोपर, बेकर!" ओत्ताविया बाकावर चढली होती. निन्फा हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शिकवणारा चांगला आणि शिकणारा शरमिंदा, यापेक्षा चांगला वर्ग बाईंनी क्वचितच पाहिला होता.

फियोरेंझोने घड्याळ काढून खिशात ठेवलं. "एका बंदरात एकच गोष्ट," तो पुटपुटला. थोड्या वेळाने त्याने ते पुन्हा बाहेर काढलं, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही.

लढाई संपली तेव्हा कुणीच मेलं नव्हतं. काकांनी दोन्ही सरदार एकाच खुंटीवर टांगले आणि निन्फाने ते तसेच राहू दिले. निघताना काकांनी सगळ्यांना मध घातलेल्या उकडलेल्या गव्हाच्या वाट्या दिल्या. ओरेस्ते पायरीवर बसून खाऊ लागला, घामाने भिजलेला.

बाई त्याच्या शेजारी टेकल्या. "कसं आहे रे?"

ओरेस्तेने घास गिळला.

"चांगलं आहे, बाई," तो म्हणाला. आणखी काहीच बोलला नाही.

बाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं. या वेळी तो खरं बोलत होता.